समुद्राचं पाणी खारट का? प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

4 जानेवारी 2025

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी विषय पक्का झाला. शाळेच्या पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं आहे: नद्या खडकांतले क्षार वाहून नेतात, पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. चूक काही नाही, पण हे उत्तर निम्मंच आहे. नदीच्या पाण्यात जे क्षार सर्वात जास्त असतात ते समुद्रात सर्वात जास्त नाहीत, आणि समुद्रात जे सर्वात जास्त आहेत ते नदीत जेमतेम असतात. पंचगंगेचं पाणी कितीही आटवलं तरी त्याचं समुद्राचं पाणी होत नाही. प्रदर्शनात हे लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, बाकीची मांडणी त्याभोवती.

दुसरा भाग धर्मपरंपरांचा. अगस्ती, सप्तसमुद्र, छांदोग्यातलं मीठ, जैन भूगोलातला लवणसमुद्र, कुराणातले दोन सागर. नियम आजच ठरवून टाकला: कथा कुठल्या ग्रंथात आहे ते लिहायचं, तोंडी चालत आलेली असेल तर तसं लिहायचं, आणि कुठल्याही कथेला विज्ञानाचं शेपूट जोडायचं नाही. कथेचा मान ती आहे तशी सांगण्यात आहे.

8 जानेवारी

नदीचं पाणी. नमुना प्रयाग चिखलीच्या संगमाजवळून घेतला, शहराच्या वरच्या अंगाला. पंचगंगा घाटावरून घेतला असता तर काम सोपं झालं असतं, पण निकाल फसवा आला असता. सांडपाणी मिसळलं की क्लोराइड वाढतं. माणूस रोज जे मीठ खातो ते बहुतेक सगळं लघवीतून आणि घामातून बाहेर पडतं आणि गटारातून नदीत येतं. ते मीठ मूळचं मिठागरातलं, म्हणजे समुद्राचंच. आपल्याला खडकातून येणारे क्षार मोजायचे आहेत, म्हणून शहराच्या वर.

कृती: 10 लिटरचा कॅन नदीच्याच पाण्याने तीनदा विसळायचा. काठाचं पाणी घ्यायचं नाही, धारेत जाऊन कोपरभर खोलीवर तोंड उघडायचं. वरचा तवंग आणि तळाचा गाळ दोन्ही टळतात. बायकार्बोनेट मोजण्यासाठी वेगळी अर्ध्या लिटरची बाटली गच्च भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता बंद केली. हवा राहिली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि बाटलीच्या भिंतीवर चुना बसायला लागतो. गाळणं त्याच दिवशी.

पावसाळ्यात हा नमुना घेऊ नये. तेव्हा पाणी पातळ असतं आणि गाळ भरपूर. जानेवारीत जमिनीत मुरलेलं पाणी झिरपून नदीत येत असतं. ते खडकाशी जास्त काळ राहिलेलं, म्हणून खडकाबद्दल जास्त सांगतं.

नकाशाचा फलक आजच काढायला घेतला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. कृष्णा आंध्रात हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागराला. गगनबावड्याच्या माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब पश्चिमेला घसरला तर थोडक्यात अरबी समुद्र गाठतो, पूर्वेला घसरला तर अख्खं दख्खन ओलांडून जातो. आपल्या खडकातले क्षार त्या लांबच्या वाटेने जातात. कोल्हापूरकरांना जवळचा समुद्र रत्नागिरीचा, पण पंचगंगेचा समुद्र तो नाही. फलकावर हे ठळक हवं.

12 जानेवारी

समुद्राचं पाणी. आंबा घाटातून रत्नागिरी, तिथून उत्तरेला आरे-वारे. भाट्याचा किनारा जवळ पडतो, पण तिथे काजळी नदीची खाडी उघडते. खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर तरंगतं आणि खारं खालून आत शिरतं. ओहोटीला तिथे बाटली भरली तर खाडीचं पाणी मिळतं, समुद्राचं नाही. म्हणून उघडा किनारा, भरती चढत असताना, गुडघाभर पाण्याच्या पुढे, लाटेचा फेस सोडून.

काचेच्या बाटल्या, झाकणं घट्ट. प्लास्टिकही चालतं, पण झाकण ढिलं असेल तर घरी येईपर्यंत बाष्पीभवनाने खारटपणा चढतो. पहिल्या दशांशापर्यंत मोजायचं असेल तर हे चालणार नाही. एकूण 6 लिटर आणलं. वाळू खाली बसू दिली, मग फिल्टर पेपरमधून गाळलं. तरकाट्यावर घनता 1.024, पाण्याचं तापमान 25 अंश.

15 जानेवारी

टीडीएस मीटर. प्रदर्शनात पालक हाच घेऊन येतील, कारण घराघरात पाण्याच्या फिल्टरवाल्याने दाखवलेला आहे. त्यामुळे तो काय मोजतो हे आधी सांगायला हवं. तो क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि ठरलेल्या गुणकाने त्याचे क्षार करून दाखवतो. आपल्याकडच्या मीटरचा गुणक 0.5 आहे, मिठासाठी ठीक.

प्रयागचं पाणी: लिटरला 95 मिलिग्रॅम.

समुद्राचं पाणी थेट घातलं तर मीटर मर्यादेबाहेर जातो. दहापट पातळ करून 3,200 आलं. दहाने गुणलं की लिटरला 32 ग्रॅम. खरा आकडा 36 च्या आसपास असतो, म्हणजे उत्तर जवळपास बरोबर आलं. पण यात दोन चुका एकमेकींना खोडतात. पहिली: पातळ पाण्यात आयन (वीज वाहून नेणारे क्षारांचे भारित कण) एकमेकांना कमी अडवतात, त्यामुळे वीज अपेक्षेपेक्षा जास्त वाहते. समुद्राच्या पाण्याची वाहकता 25 अंशांना सुमारे 53 मिलिसीमेन्स असते. दहापट पातळ केल्यावर ती 5.3 नव्हे तर 6.4 च्या आसपास येते. दुसरी: 0.5 हा गुणक समुद्राच्या क्षारांसाठी कमी पडतो. 0.7 गुणकाचा मीटर असता तर तेच पाणी 45 ग्रॅम दाखवलं असतं. मीटर प्रदर्शनात ठेवायचा, पण पाण्यातला फरक दाखवण्यापुरता.

18 जानेवारी

क्लोराइडचं टायट्रेशन, म्हणजे ठरलेल्या तीव्रतेचं द्रावण ब्युरेट या खुणांच्या काचनळीतून थेंबथेंब सोडून क्लोराइड किती ते काढणं. संपूर्ण प्रकल्पाचा कणा हाच.

सिल्व्हर नायट्रेट 0.0141 नॉर्मल, तपकिरी बाटलीत. या तीव्रतेचा फायदा असा की 1 मिली द्रावण अर्धा मिलिग्रॅम क्लोराइडला पुरतं, आकडेमोड तोंडी होते. दर्शक म्हणून 5 टक्के पोटॅशियम क्रोमेट, प्रत्येक वेळी 1 मिली.

समुद्राचं पाणी शंभरपट पातळ करावंच लागतं, नाहीतर ब्युरेटच्या ब्युरेट संपतील. 10 मिली पिपेटने घेऊन एक लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत. त्यातलं 50 मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये. थेंबथेंब सोडत ढवळत राहायचं. आधी पांढरा साका, मग जिथे थेंब पडतो तिथे लालसर ठिपका येऊन जातो. पिवळ्या रंगावर विटकरी छटा टिकली की थांबायचं. गडद लाल होईपर्यंत गेलं तर पुढे गेलो.

ब्युरेट 20.3 मिली. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरला 0.2. निव्वळ 20.1. पातळ नमुन्यात लिटरला 201 मिलिग्रॅम, मूळ पाण्यात लिटरला 20.1 ग्रॅम क्लोराइड. घनतेने भागलं की किलोला 19.6 ग्रॅम. समुद्रशास्त्रात वापरतात त्या 1.80655 ने गुणलं की क्षारता, म्हणजे सगळे विरघळलेले क्षार मिळून, किलोला 35.4 ग्रॅम.

काय बिघडतं:

एक थेंब, म्हणजे 0.05 मिली, पुढे गेला की क्षारतेत 0.09 चा फरक. सैल हाताने चालत नाही. पातळ करतानाची चूकही त्याच प्रमाणात थेट निकालात उतरते, म्हणून सगळं लक्ष पिपेटवर. घरातलं नळाचं पाणी पातळ करायला वापरलं तर त्यातलं क्लोराइड शंभराने गुणलं जातं आणि समुद्र आहे त्याहून खारट दिसतो. पाणी आंबट असेल तर क्रोमेटचा रंगच नीट येत नाही. 7 ते 10 पीएच हवा, समुद्राचा 8 च्या आसपास असतो, म्हणून अडचण नाही. सिल्व्हर नायट्रेट कातडीवर पडलं की काळे डाग पडतात आणि आठवडाभर जात नाहीत. क्रोमेट विषारी आहे, मुलांच्या हातात द्यायचं नाही. प्रदर्शनात हातमोजे घालून मोठ्यांनीच करायचं. वापरलेलं द्रावण मोरीत नाही, वेगळ्या बाटलीत.

या पद्धतीत ब्रोमाइडही क्लोराइडमध्येच मोजलं जातं. समुद्रात ते किलोला 0.067 ग्रॅम असतं, आपल्या कामाला फरक पडत नाही.

19 जानेवारी

तेच टायट्रेशन प्रयागच्या पाण्यावर. पातळ न करता 100 मिली. निव्वळ 1.7 मिली, म्हणजे लिटरला 8.5 मिलिग्रॅम क्लोराइड. ईडीटीए या कॅल्शियमला पकडणाऱ्या रसायनाने कॅल्शियम मोजलं: लिटरला 18 मिलिग्रॅम. आम्लाने क्षारीयता, म्हणजे पाणी किती आम्ल जिरवतं ते: लिटरला 80 मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. म्हणजे नदीतला मुख्य ऋण आयन बायकार्बोनेट, क्लोराइड नव्हे.

आता दोन्ही शेजारी ठेवले. समुद्रात क्लोराइड नदीच्या सुमारे 2,360 पट. कॅल्शियम समुद्रात लिटरला सुमारे 420 मिलिग्रॅम असतं, म्हणजे नदीच्या 23 पट. समुद्र हा नुसता आटवलेला नदीचा रस असता तर सगळे क्षार एकाच पटीने वाढायला हवे होते. एक 23 पट, दुसरा 2,360 पट. हा फलक प्रवेशाजवळ, डोळ्यांच्या उंचीवर. बाकी सगळं प्रदर्शन या दोन आकड्यांमधल्या फरकाचं स्पष्टीकरण आहे.

प्रात्यक्षिक: दोन परीक्षानळ्या, एकीत नदी, दुसरीत समुद्र, दोन्हींत दोन-दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट. नदीत किंचित दुधाळ झाक, समुद्रात दही लागल्यासारखा साका. एवढ्यावर माणूस थांबतो.

25 जानेवारी

प्रयागचं 10 लिटर पाणी आटवलं. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात अर्ध्या लिटरपर्यंत, पुढे काचेच्या बीकरमध्ये. उरलेला थर खरवडून, 105 अंशांवर वाळवून 1.1 ग्रॅम. मीटर 95 म्हणत होता, हा लिटरला 110 पडला. कारण सिलिका. बेसॉल्ट झिजला की सिलिका पाण्यात येते, पण ती वीज वाहून नेत नाही, मीटरला दिसतच नाही.

या पांढुरक्या पुडीवर व्हिनेगर टाकलं की फसफसतं. गिझरच्या कॉइलवर साचतं तेच हे, चुना. समुद्राच्या मिठावर व्हिनेगर टाकलं तर काही होत नाही. प्रदर्शनात दोन वाट्या, एक ड्रॉपर. मुलांना हे स्वतः करू द्यायचं, धोका नाही.

1 ते 9 फेब्रुवारी

समुद्राचं 2 लिटर पाणी टप्प्याटप्प्याने आटवणं. 1849 मध्ये उसिग्लिओ नावाच्या इटालियन रसायनज्ञाने भूमध्य समुद्राच्या पाण्यावर हेच केलं आणि क्षार कुठल्या क्रमाने खाली बसतात ते नोंदवलं. मिठागरातली वाडवडलांची पद्धतही याच क्रमावर चालते. आगरी माणूस एका खाचरातून दुसऱ्यात पाणी फिरवतो, कारण पहिल्यात नको ते बसू द्यायचं असतं.

पात्रावर आधीच खुणा: 1000, 400, 200, 80 मिली.

सुरुवात हॉटप्लेटवर 70 अंशांच्या आसपास, उकळू न देता. उकळलं की उडतं आणि वजनाचा हिशेब जातो. आपल्याकडे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर पाणी 98 अंशांनाच उकळतं, हे लक्षात ठेवायचं. निम्म्यावर आल्यावर पाणी गढूळ: कार्बोनेट. अगदी थोडं, गाळून टाकलं.

पुढचं काम उन्हात, काचेच्या पसरट भांड्यात. जास्त उष्णतेत जिप्समऐवजी कमी पाण्याचे प्रकार बसतात, म्हणून शेगडी नको. फेब्रुवारीतलं कोल्हापूरचं दुपारचं कोरडं ऊन या कामाला उत्तम. वर मलमलचं फडकं, पण भांड्याला न टेकता, काड्यांवर ताणून. टेकलं की फडकं मीठ ओढून घेतं.

400 मिलीपासून 200 पर्यंत, घनता 1.12 च्या पुढे, बारीक सुयांसारखे स्फटिक: जिप्सम. गाळून, वाळवून 2.6 ग्रॅम. हिशेबाने 2 लिटरमध्ये सुमारे 3.4 ग्रॅम मिळू शकतं, बाकी पुढे मिठाबरोबर येतं.

200 मिलीला, घनता 1.21 झाली की पृष्ठभागावर लहान चौकोनी होड्या तरंगायला लागतात. मीठ. वारा लागला की त्या बुडतात आणि तळाशी मोठे होतात. ढवळलं तर बारीक मीठ होतं, स्थिर ठेवलं तर खडे. प्रदर्शनासाठी खडे हवेत, म्हणून हलवायचं नाही.

80 मिलीला, घनता 1.25 जवळ आल्यावर थांबलो आणि मीठ गाळलं. पाण्याने धुवायचं नाही, विरघळून जातं. संपृक्त मिठाच्या द्रावणाने धुवायचं. वाळवून 39 ग्रॅम. पूर्ण हिशेबाने 56 ग्रॅम असतं, उरलेलं त्या शेवटच्या कडू पाण्यातच राहतं. ते कडू पाणी फेकू नये, प्रदर्शनात तेही ठेवायचं. त्यात मॅग्नेशियम. सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले की पांढरा जेलीसारखा साका येतो. हे पाणी मिठात राहिलं तर मीठ पावसाळ्यात ओलं होतं, कारण मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं. जुन्या खडेमिठाच्या बरणीत तळाशी पाणी साचायचं ते यामुळे.

सगळं कोरडं होईपर्यंत तापवून एकूण क्षारांचं वजन का करत नाही, हा प्रश्न येणार. उत्तर तयार: मॅग्नेशियम क्लोराइड पाणी सोडत नाही, आणि जोरात तापवलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. म्हणजे वजन कधी जास्त, कधी कमी. म्हणूनच समुद्रशास्त्रज्ञ क्लोराइड मोजून क्षारता काढायला लागले.

10 फेब्रुवारी

दोन परातींचा प्रयोग सुरू. काचेच्या दोन सारख्या ट्रे, 40 बाय 30 सेंटिमीटर, प्रत्येकी 2 लिटर पाणी, लिटरला अर्धा ग्रॅम मीठ. औषधाच्या दुकानातला सलाइनचा सेट लावून दोन्हींत त्याच पाण्याची धार.

पहिल्या ट्रेला बाहेर पडायला वाट नाही. रोज जेवढं उडतं तेवढंच घालायचं, सुमारे 600 मिली. दुसऱ्याला कडेला नळी, रोज 3 लिटर घालायचं, जास्तीचं वाहून जातं. दुसरी म्हणजे सांडवा असलेला तलाव, पहिली म्हणजे लोणार. लोणारचं विवर आपल्याच जातीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये आहे, पाणी आत येतं, बाहेर फक्त वाफ होऊन जातं. सरोवर खारं आणि पीएच 10 च्या आसपास. आपल्या खडकाच्या क्षारांना वाट मिळाली नाही तर काय होतं ते महाराष्ट्रातच बघायला मिळतं.

12 फेब्रुवारी

जॉलीचा हिशेब. 1715 मध्ये एडमंड हॅलीने सुचवलं की समुद्राचा खारटपणा मोजत राहिलं तर पृथ्वीचं वय काढता येईल. 1899 मध्ये जॉन जॉली या आयरिश शास्त्रज्ञाने सोडियमवर तो हिशेब केला आणि सुमारे 9 कोटी वर्षं आली. आजचे आकडे घालून फलकावर पुन्हा मांडला:

समुद्राचं वस्तुमान सुमारे 1.4 गुणिले 10 चा 21 वा घात किलो. त्यात किलोला 10.8 ग्रॅम सोडियम, म्हणजे 1.5 गुणिले 10 चा 19 वा घात किलो. जगातल्या नद्या वर्षाला सुमारे 37,400 घन किलोमीटर पाणी आणतात, सरासरी लिटरला 6.3 मिलिग्रॅम सोडियम. वर्षाला सुमारे 23,600 कोटी किलो. भागाकार: सुमारे 6.4 कोटी वर्षं.

पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं. म्हणजे हे पृथ्वीचं वय नाही. सोडियमचा एक अणू समुद्रात सरासरी किती काळ मुक्कामाला असतो, ते आहे. सोडियम बाहेरही पडतं: आटलेल्या उपसागरांत मिठाचे थर होऊन, तळाच्या गाळात अडकून, समुद्रतळाच्या खडकाशी देवाणघेवाण होऊन, वाऱ्याने उडालेल्या तुषारांतून जमिनीवर येऊन. नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीवर पाऊस टाकतो, त्यात किंचित समुद्राचं मीठ असतं. प्रयागच्या पाण्यातल्या 8.5 मिलिग्रॅम क्लोराइडचा एक भाग असा परत फिरलेला आहे.

कॅल्शियमसाठी तोच भागाकार केला की सुमारे 10 लाख वर्षं येतात. शिंपले, प्रवाळ आणि चुनखडीच्या कवचाचे सूक्ष्म जीव ते उचलून घेतात, मेल्यावर तळाशी चुनखडी होते. 23 पट आणि 2,360 पट यांतला मोठा फरक इथे उलगडतो: समुद्र कॅल्शियमला टिकू देत नाही, क्लोराइडला कोणी खात नाही.

15 फेब्रुवारी

उरलेला प्रश्न क्लोरीनचा. सोडियम खडकांतून येतं हे पटतं, पण सगळे खडक झिजवले तरी समुद्रातल्या क्लोराइडचा हिशेब लागत नाही. 1951 मध्ये विल्यम रुबी या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने हा ताळेबंद मांडला: पाणी, क्लोरीन, कार्बन हे घटक खडकांच्या झिजेतून मिळतील त्याहून कितीतरी जास्त आहेत, ते पृथ्वीच्या पोटातून वायूरूपात बाहेर आले. ज्वालामुखीच्या वायूंत हायड्रोजन क्लोराइड असतंच. ते पाण्यात मिसळलं की आम्ल, आम्ल खडकाला भिडलं की खडकातलं सोडियम सुटतं. म्हणजे मिठाचा एक घटक खडकाचा, दुसरा ज्वालामुखीचा. समुद्र तयार होतानाच खारा झाला आणि अब्जावधी वर्षं खाराच आहे. तो दिवसेंदिवस अधिक खारट होत चालला आहे ही समजूत फलकावर नाव घेऊन खोडायची.

1977 मध्ये गॅलापागोस जवळच्या समुद्रतळावर आल्विन पाणबुडीतून गरम पाण्याचे झरे सापडले. समुद्राचं पाणी भेगांतून आत जातं, तापतं, खडकाला मॅग्नेशियम देतं, कॅल्शियम घेऊन वर येतं. तो खडकही बेसॉल्टच. काउंटरवर सह्याद्रीतला बेसॉल्टचा एक गोटा ठेवायचा, हात लावायला मोकळा.

18 फेब्रुवारी

धर्मपरंपरांचे फलक. मजकूर अंतिम केला. इथे घाई नको होती, म्हणून मूळ मजकुराशी ताडून पाहिलं.

अगस्ती. महाभारताच्या वनपर्वात कालेय दैत्य समुद्रात लपतात, देवांच्या विनंतीवरून अगस्ती समुद्र पितात, दैत्य मारले जातात. मग देव म्हणतात पाणी परत सोडा, अगस्ती म्हणतात ते जिरलं. पुढे भगीरथाने आणलेल्या गंगेने समुद्र भरतो. या कथेत खारटपणाचा उल्लेख नाही. उलट समुद्र गोड्या पाण्याने भरलेला दिसतो. अगस्तींनी पाणी लघवीवाटे सोडलं म्हणून समुद्र खारा, ही घरोघरी सांगितली जाणारी कथा वेगळी. फलकावर दोन्ही वेगवेगळ्या चौकटींत. अगस्तींचा कोल्हापूरशी संबंध आहेच: काशी सोडून दक्षिणेला आल्यावर त्यांनी इथे महालक्ष्मीची स्तुती केली असं स्कंदपुराणाच्या काशीखंडात आहे. हा उल्लेख कोपऱ्यात, लहान अक्षरात. अंबाबाईच्या गावात तो राहायलाच हवा.

विरजा. ब्रह्मवैवर्त पुराणात कृष्णाची प्रिया विरजा हिचे सात पुत्र सात समुद्र होतात. धाकट्यामुळे कृष्णाचा विरह झाला म्हणून आई त्याला शाप देते: तू खारा समुद्र होशील, तुझं पाणी कोणी पिणार नाही. खारटपणाचं थेट कारण सांगणारी कथा ही. लोकांना फारशी माहीत नाही, म्हणून तिला मोठी जागा.

सप्तसमुद्र. विष्णुपुराणात जंबुद्वीपाभोवती लवण, मग उसाचा रस, सुरा, तूप, दही, दूध आणि गोडं पाणी. इथे खारटपणाला कारण लागत नाही. सात चवींतली एक चव आपल्या वाट्याला आलेली आहे. समुद्रमंथन क्षीरसागराचं, लवणसागराचं नव्हे, हे पुष्कळांना सांगावं लागणार.

जैन परंपरा. कोल्हापूर जिल्ह्यात हा फलक नसेल तर प्रदर्शन अपुरं. तत्त्वार्थसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात जंबुद्वीप आणि लवणोद यांपासून पुढे द्वीप-समुद्रांची माळ येते, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट रुंद. जंबुद्वीप एक लाख योजनं, लवणसमुद्र दोन लाख. लवणसमुद्राच्या पोटात मोठी पाताळं आहेत आणि त्यांतल्या वायूमुळे पाणी चढतं-उतरतं, असं भरती-ओहोटीचं कारणही या भूगोलात दिलेलं आहे.

कुराण. सूरह अल-फुरकान, 53 वी आयत: अल्लाहने दोन सागर एकमेकांना भिडू दिले, एक गोड आणि तहान भागवणारा, दुसरा खारट आणि कडू, आणि दोहोंमध्ये आडपडदा ठेवला. भाट्याच्या खाडीचं चित्र या फलकाशेजारी लावावं असं सुचलं होतं, ते लावलेलं नाही. आयत सृष्टिकर्त्याच्या सामर्थ्याबद्दल बोलते. तिला खाडीच्या आकृतीची टीप केली तर आयतीचाही अर्थ आखूड होतो आणि खाडीचंही कारण नीट सांगितलं जात नाही.

लोणार. स्थानकथेत लवणासुर राक्षस, विष्णूने त्याचा वध केला, गावात दैत्यसूदनाचं मंदिर. हा फलक दोन परातींच्या टेबलाजवळ.

20 फेब्रुवारी

छांदोग्याचा प्रयोग. सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला रात्री मीठ पाण्यात टाकायला सांगतो, सकाळी ते परत मागतो. श्वेतकेतू चाचपतो, सापडत नाही. मग वरून, मधून, तळातून आचमन करायला लावतो, तिन्हीकडे खारट. सांगायचं आहे ते सर्वत्र भरून असलेल्या, न दिसणाऱ्या सत्याबद्दल.

उंच काचेच्या नळकांड्यात, 20 सेंटिमीटर पाण्यात, तळाशी मिठाचा खडा टाकून रात्रभर न हलवता ठेवला तर सकाळी वरचं पाणी जवळपास अळणीच असतं. मीठ स्वतःहून पसरायचा वेग फार कमी आहे, एका रात्रीत साधारण एक सेंटिमीटर. शिवाय खारं पाणी जड, तळाशीच बसतं. खडा कापडात बांधून वर टांगला तर जड द्रावण खाली उतरत राहतं आणि पाणी मिसळतं. उपनिषदात श्वेतकेतू पाण्यात हात घालून चाचपतो. तेवढं ढवळणं पुरेसं आहे, प्रयोग शब्दशः केला तर निकाल तोच येतो. आम्ही पसरट तांब्याचं भांडं न घेता काचेचं घेतलं, मीठ आणि तांबं रात्रभर एकत्र नको. एक लिटर पिण्याच्या पाण्याला 10 ग्रॅम मीठ, चव कळते आणि घशाला त्रास नाही.

पुढचा फलक इथूनच सुरू होतो. समुद्रही ढवळला जातो, वारा आणि खोल प्रवाह मिळून सुमारे हजार वर्षांत. सोडियमचा मुक्काम 6.4 कोटी वर्षं. मुक्कामाच्या मानाने ढवळणं इतकं वेगवान असल्यामुळे क्षारांचं आपापसातलं प्रमाण जगभर सारखंच राहतं. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाच्या समुद्र-संशोधन मोहिमेत (1872 ते 1876) गोळा केलेले 77 नमुने रसायनज्ञ विल्यम डिटमारने तपासले आणि 1884 मध्ये हे दाखवून दिलं. पाणी कमी-जास्त असतं, प्रमाण नाही. अरबी समुद्र 36 च्या आसपास, कारण तिथे पाणी उडतं जास्त. बंगालचा उपसागर त्याहून गोडसर, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी आणि आपली कृष्णा तिकडे उतरतात. पण दोन्हीकडे सोडियमला क्लोराइडचं माप एकच. 18 जानेवारीला एकटं क्लोराइड मोजून सगळी क्षारता काढता आली ती या आधारावर.

21 फेब्रुवारी

परातींचे आकडे. बंद ट्रे: लिटरला 500 मिलिग्रॅमवरून 1,900. वाहती ट्रे: 620, आणि तिथेच स्थिर. हिशेबही तेवढाच येतो: रोज 3 लिटरमधून दीड ग्रॅम मीठ येतं, उडून उरलेल्या 2.4 लिटरमधून तेवढंच बाहेर पडतं, म्हणजे लिटरला 0.625 ग्रॅम. आवक आणि जावक जुळली की खारटपणा थांबतो, हे समुद्राच्या समतोलाचं उदाहरण म्हणून सांगायचं.

अडचणी: बंद ट्रेच्या कडेवर पांढरं कोंदण चढतं, पाणी काचेवरून वर चढून वाळत राहतं आणि मीठ ट्रेबाहेर जातं. कडेला बोटभर व्हॅसलिनचा पट्टा लावला की थांबतं. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर धार बंद, सकाळी पहिलं काम नळी टिचकावणं. वर जाळी हवी, पक्षी पितात.

27 फेब्रुवारी

मांडणी पूर्ण. प्रवेशाला 23 आणि 2,360 चा फलक, मग परीक्षानळ्या, व्हिनेगरच्या वाट्या, मिठाचे खडे, जॉलीचा हिशेब, त्यानंतर परंपरांची भिंत, शेवटी परात आणि उपनिषदातलं भांडं. टायट्रेशनचं टेबल मुलांच्या हाताला लागणार नाही असं भिंतीकडे.

समुद्राचं न गाळलेलं पाणी कोणी चाखू नये म्हणून बाटल्या सीलबंद. चवीसाठी फक्त 10 ग्रॅमवालं भांडं.

सिल्व्हरच्या वापरलेल्या द्रावणात जास्तीचं मीठ टाकून ठेवलं, चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपात तळाशी बसते. वरचं क्रोमेटचं पिवळं पाणी वेगळ्या बाटलीत, महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात जाईल.

पुढचं काम: जूनमध्ये पहिला पूर येताना प्रयागहून रोज एक बाटली, क्लोराइड आणि कॅल्शियम दोन्ही. पहिल्या पाण्यात साचलेलं मीठ धुऊन येतं, त्यामुळे क्लोराइड आधी चढेल आणि मग उतरेल असा अंदाज आहे. सप्टेंबरला आरे-वारेचा दुसरा नमुना, पावसाने किनाऱ्याचं पाणी किती पातळ होतं ते पाहायला. 0.0141 चं नवीन द्रावण मे अखेरीस बनवून ठेवायचं, जुनं तोपर्यंत काळं पडलेलं असेल.